सहीचा रकाना

मी नेव्हझेता. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं.
आता दर मे महिन्यात एक आठवडा
दोबोयच्या टेनिस क्लबात बक्षिसांचा हिशेब ठेवते.
टेबल डुगडुगतं, म्हणून एका पायाखाली
गेल्या वर्षीचा ड्रॉ घडी घालून सरकवलाय.

एकूण पंधरा हजार डॉलर.
बाहेर फाटकावर हा आकडा एवढा मोठा रंगवलाय
की गावातली पोरं विचारतात,
काकू, रात्री हे पैसे ठेवता कुठे?

जिंकणाऱ्याला दोन हजार आणि थोडे.
मग जिना उतरावा तशी रक्कम उतरत जाते,
शेवटच्या पायरीवर एकशे छप्पन्न.
जिन्याखाली पात्रता फेरीतले.
त्यांना केळी मिळतात. पाणी मिळतं.

खिडकीच्या काचेवर नावांची यादी.
काल एक नाव गेलं : मनगट.
आज दोन : एकाचं विमान,
एकानं कारणच दिलं नाही.
मी लाल पेन्सिलीनं रेघ मारते तेव्हा
काचेपलीकडे कुणीतरी उभं असतं,
वाईट वाटल्याचा चेहरा करून
मनातल्या मनात स्वतःचा नंबर एकानं कमी करत.

ल्युबेन, प्लेव्हेनचा, वय तेवीस.
पात्रतेच्या शेवटच्या सामन्यात हरला,
तरी सकाळी साडेनऊला सही करायला हजर.
सोमवारी. मंगळवारी.
नियमांच्या पुस्तकात याला लकी लूझर म्हणतात.
आधी हरायचं,
मग भिंतीवर बसून वाट बघायची
दुसऱ्याची पाठ धरण्याची.

मंगळवारी धरली.
बेल्जियमचा पोरगा बुटाची नाडी बांधायला वाकला
आणि तसाच राहिला.
ल्युबेन तेव्हा बुरेक खात होता.
हाक आली, त्यानं तेलकट बोटं मोज्याला पुसली
आणि धावला.

बावन्न मिनिटं. सहा-एक, सहा-दोन.
दुसऱ्या सेटमध्ये त्यानं रेषेला धरून
एक बॅकहँड असा मारला
की शेजारच्या कोर्टावर लाल माती झाडणारा पोरगा
झाडू हातात धरून उभाच राहिला.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.
मी शोधला.

एकशे छप्पन्न. दहा टक्के कर वजा.
उरले एकशे चाळीस, वर चाळीस सेंट,
आमच्या मार्कांत दोनशे बावन्न पूर्णांक बहात्तर.
स्तोयान दारातच उभा : चार रॅकेटींच्या तारा, साठ.
मिल्काबाईची खोली, पाच रात्री, दीडशे.
तिनं नाश्त्याचे लावले नाहीत,
आणि हे त्याला सांगू नकोस म्हणाली.
नोव्ही सादच्या बसचे अडतीस.
तिथे पुढच्या आठवड्याची स्पर्धा,
तिथल्या यादीतही तो रेघेच्या खालीच.

चार मार्क बहात्तर.
मी दोनदा करून पाहिलं.
शाळेत असलं उदाहरण घातलं असतं तर
पोरं म्हणाली असती, बाई, छापताना काहीतरी चुकलंय.

त्याला मात्र घाई नव्हती.
विचारलं, मुख्य ड्रॉच्या छापील कागदाची
एक प्रत मिळेल का?
ज्यात माझं नाव आहे, ती. आईला पाठवायचीय.
मी टेबलाकडे पाहिलं.
यंदाच्या होत्या दोन, एक दिली.
टेबलाच्या पायाचं
पुढच्या वर्षी बघू.

मग पावती पुढे केली. इथे सही कर.
आणि त्यानं अशी सही केली
जी कुणी पावतीसाठी शिकत नाही.
वहीच्या मागच्या पानांवर वर्षानुवर्षं गिरवलेली,
चेंडूवर, टोपीवर, पोरांच्या दंडावर करायची सही.
ल्यु चा फटकारा वर कराच्या आकड्यातून गेला,
शेवटचं शेपूट
खालच्या खेळाडूच्या रकान्यात उतरलं.

खालचा खेळाडू संध्याकाळी आला, अर्जेंटिनाचा, जिंकलेला.
म्हणाला, इथे आधीच कुणीतरी सही केलीय.

मी म्हटलं, हो.
तू थोडी बाजूला कर.